‘हो सर, बघितलं’

बातमी कळली तेव्हा मी चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर उभी होते. आत जाताना फोन जमा करायचा आणि बाहेर येताना बिल्ला दाखवून परत घ्यायचा, अशी तिथली पद्धत. फोन हातात आला तर जुन्या टीमच्या ग्रुपवर चाळीसेक निरोप साचलेले. त्या ग्रुपवर हल्ली वाढदिवसाशिवाय कुणी तोंड उघडत नाही, म्हणून म्हटलं, आज कुणाचा वाढदिवस आला. वर सरकवत पहिल्या निरोपापर्यंत गेले. पांचाळ सर गेले, सकाळी, झटका आला, दुपारी एक वाजता पिंपळे गुरवच्या घाटावर... खाली प्रत्येकानं जोडलेले हात पाठवले होते. मीही पाठवले. बारा वाजायला आले होते. मोशीवरून तडक निघाले असते तर पोचले असते. पण मी स्वतःला सांगितलं की भोसरीत गाड्या तुंबलेल्या असणार, आणि गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत बसले. गाड्यांचं निमित्त होतं. तिथं सरांच्या पत्नी असणार होत्या आणि त्यांच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

त्याला आता सात आठवडे झाले. हे सगळं मी मालतीवहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, विचारून लिहिते आहे. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, “लिहा. पण काही गाळू नका. माझंही गाळू नका.” त्यामुळे आता गाळायची सोय राहिलेली नाही.

दिगंबर पांचाळ मूळचे लातूरकडचे. आयटीआय करून चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले आणि बारा वर्षं तिथं गुणवत्ता तपासनीस होते. हातात मापं घ्यायचा व्हर्नियर, समोर पुर्जांचे ट्रे. पस्तिशीला आल्यावर शिफ्ट संपवून संगणकाच्या क्लासला जायला लागले, पोरांच्या शेजारी बसून प्रोग्रॅमिंग शिकले, आणि भोसरीतल्या आमच्या छोट्याशा कंपनीत आले. मी कॉलेजातून थेट तिथं चिकटले तेव्हा ते तिथले सगळ्यात जुने आणि सगळ्यात वयस्क. मी मोशीतल्या शेतकरी घरातली. आमच्याकडे साधं ‘पाणी दे’सुद्धा बांधावरून हाक मारल्यासारखं बोलतात, आणि माझ्या जिभेला तर हाडच नाही. सर हळू बोलायचे. एक वाक्य बोलून थांबायचे, ते बरोबर होतं का ते मनाशी बघायचे आणि मग दुसरं बोलायचे. मला तेवढा दम नसायचा. त्यांची वाक्यं मीच पुरी करायचे, आणि पुष्कळदा चुकीची.

सगळं दोनदा बघायची त्यांना सवय होती. लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यापासून वाचायचे. ड्रॉवरला कुलूप लावलं की ओढून बघायचे. गाडी लावून जिना चढून वर आले की हँडल लॉक केलंय का ते बघायला परत खाली. आम्ही त्यांना फार छळायचो. “सर, घरी पोचल्यावर परत ऑफिसला येऊन बघता का, खरंच निघालो होतो का ते?” असं मी एकदा विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, “येतो की. तुम्ही सगळे गेल्यावर.” मग स्वतःच खुदकन हसले. पण ही सवय कुठून आली तेही त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं होतं. कारखान्यात प्रत्येक तपासनीसाला स्वतःच्या नंबरचा शिक्का असायचा. पुर्जा बघायचा आणि शिक्का मारायचा. पुढे कुठेही तो पुर्जा निकामी निघाला की नंबर बघून त्याच माणसाला बोलवायचे. एकदा बाहेरून पिनांचा लॉट आला, सोबत पुरवठादाराचं तपासणीचं प्रमाणपत्र. स्टोअरला वाटलं गुणवत्तेवाल्यांनी बघितलं असेल, गुणवत्तेवाल्यांना वाटलं पुरवठादारानं बघितलंय. पिना थेट जोडणीपर्यंत गेल्या आणि एकही बसेना. “प्रत्येकाला वाटायलं, दुसऱ्यानं बघितलंय,” सर म्हणाले, “आन् बघितलं कुणीच नव्हतं.” मी तेव्हा बहुतेक लोणचं कुणी आणलंय ते विचारत होते.

आमची कंपनी एक छोटं यंत्र बनवायची. आम्ही त्याला ‘पेटी’ म्हणायचो. कारखान्यातल्या मशीनला ती पेटी लावायची. किती नग झाले, मशीन कधी थांबलं, हे ती इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरला कळवायची आणि तिथून ते साहेबलोकांच्या पडद्यावर दिसायचं. ही माहिती दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून ती कुलूपबंद भाषेत जायची. पण कुलूपबंद बोलणं सुरू करण्याआधी समोरचा सर्व्हर आपलाच आहे का, कुणी तोतया तर नाही, याची पेटीनं खात्री करून घ्यायची असते. सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो. ते कुणी दिलंय, मुदत संपली का, नाव जुळतं का, हे सगळं पेटी बघते आणि मगच बोलणं सुरू होतं. आमच्या पेटीत हे बघणं दोनदा व्हायचं. एकदा बाहेरून घेतलेला तयार प्रोग्रॅम बघायचा आणि त्याच्यानंतर सरांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तेच ओळखपत्र पुन्हा बघायचा. म्हणजे गेटवर वॉचमननं गेटपास बघितल्यावर आत सुपरवायझरनं तोच गेटपास परत मागावा, तसं. पेटी स्वस्तातली, तिचं डोकं मंद, त्यामुळे या बघण्यात तिचा बराच वेळ जायचा.

एरवी ते कुणाच्या लक्षात यायचं नाही. पण आपल्या या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात, आणि मग लाइट आली की कारखान्यातल्या सगळ्या पेट्या एकदम जाग्या होऊन सर्व्हरपुढे रांग लावायच्या. शुक्रवारी पहिली शिफ्ट सुरू व्हायची आणि पडदे कोरे. सुपरवायझर फोनवर ओरडायचा, “मॅडम, मशीन चालू, पडदा झोपलेला, साहेबाला काय दाखवू?” असे चार-पाच शुक्रवार मी ओरडा खाल्ला आणि मग शोधत बसले. दोनदा बघणं सापडलं तेव्हा मला सोन्याचा हंडा मिळाल्यासारखं झालं. आठवड्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी ते मांडलं. सर म्हणाले, “काढायला हरकत नाही. पण आधी एकदा...” मी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. मी म्हणाले, “सर, तुम्ही आयुष्यात सगळंच दोनदा बघता, म्हणून आपण सगळ्यांच्या मागे आहोत.” सगळे हसले. कंपनीचे मालक, आमचे साहेब, तेसुद्धा हसले. सरही हसले, जरा उशिरा. कान मात्र लाल झालेले मला दिसले होते.

दुसऱ्या दिवशी मी सरांचं ते बघणं काढून टाकलं आणि पेटी चालवून पाहिली. दोनातलं एक काढलं म्हणजे वेळ निम्मा व्हायला हवा. तो निम्मा झालाच नाही, जवळजवळ संपलाच. शुद्धीवर असलेल्या माणसाला तिथंच शंका यायला हवी होती. मला आनंद झाला. आमच्याकडे कारखान्यासारखीच रीत होती, साहेबांनी ती सरांच्याच सांगण्यावरून घातली होती. कुठलाही बदल बाहेर जाण्याआधी एका कागदावर दोन सह्या, एक करणाऱ्याची आणि एक बघणाऱ्याची. मी कागद घेऊन सरांच्या टेबलाशी गेले. त्यांनी आकडे वाचले आणि चष्मा काढला.

“एवढा वेळ कसा काय वाचला गं, स्वाती? निम्मा वाचायला पाहिजे. ती पहिली तपासणी चालू हाय का, बघितलीस?”

“हो सर, बघितलं.”

मी बघितलं नव्हतं. बघायला दहा मिनिटं लागली असती. तासाभरात साहेबांना दाखवायचं होतं, मला घाई होती, आणि खरं सांगायचं तर आदल्या दिवशी एवढं बोलून गेल्यावर आता त्यांच्या सांगण्यावरून परत जाऊन बघणं मला कमीपणाचं वाटलं. सर माझ्याकडे बघत क्षणभर थांबले. एरवी त्यांनी कागद ठेवून घेतला असता, उद्या ये म्हणाले असते. त्या दिवशी म्हणाले, “तू बघितलंयस ना? मग मी कामून परत बघू,” आणि सही केली. इतक्या वर्षांत न बघता केलेली ती त्यांची एकच सही असावी. आदल्या दिवशीचं ते हसणं त्यांच्या कानात असणार, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं, चला, म्हातारा सुधारला.

शुक्रवारी पडदे पटापट उघडले. साहेबांनी पेढे आणले. दोन-तीन महिने मी हवेत होते. मग एका मोठ्या ग्राहकानं आमच्या पेटीची तपासणी करायला बाहेरचे तज्ज्ञ बोलावले. त्यांनी तोतया सर्व्हर उभा केला, त्याला घरी बनवलेलं खोटं ओळखपत्र दिलं, आणि आमच्या पेटीनं त्याला खुशाल सगळं सांगून टाकलं. पुढे उलगडा झाला तो असा. अगदी सुरुवातीला, मी यायच्या आधी, चाचणी अडते म्हणून कुणीतरी तयार प्रोग्रॅमची तपासणी एका ओळीत बंद करून ठेवली होती, तात्पुरती, आणि परत चालू करायला विसरला होता. म्हणजे गेटवरचा वॉचमन कित्येक वर्षं झोपलेलाच होता. खरं ओळखपत्र बघत होता तो फक्त सरांचा प्रोग्रॅम, जास्तीचा म्हणून मी काढून टाकलेला. नशिबानं चोरी झाली नव्हती. पण त्या ग्राहकानं पेट्या उतरवल्या, आणि आमच्यासारख्या कंपनीला तेवढं पुरेसं होतं.

साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. कागद मध्ये ठेवलेला. साहेब म्हणाले, “स्वाती नवीन आहे, समजू शकतो. पांचाळ, बघणाऱ्याची सही तुमची आहे.” सर म्हणाले, “माझीच हाय, साहेब.” “तुम्ही बघितलं होतं?” सर थांबले. मी लॅपटॉप उघडून त्यात डोकं घातलं होतं. आता ते सांगणार, मी हिला विचारलं होतं, ही हो म्हणाली... सर म्हणाले, “नाही बघितलं. बघायला पाहिजे होतं.” त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त माझं ‘हो’ त्यांनी त्यातून काढून घेतलं होतं. मला बोलायला तेव्हा पुष्कळ वेळ मिळाला. साहेब बरंच बोलले, वयाबद्दल बोलले, ‘कारखान्यातून आलेल्या माणसाकडून तरी ही अपेक्षा नव्हती’ असंही बोलले. मी पडद्याकडे बघत बसले. बाहेर आल्यावर जिन्यात मी “सर...” एवढंच म्हटलं, तर ते म्हणाले, “जेवलीस का? जा, जेवून घे.”

संध्याकाळी घरी मी वडिलांना सगळं सांगितलं. म्हणजे ‘सर आमचे किती मोठे मनाचे’ अशा सुरात सांगितलं. वडील हातातली सुपारी कातरायची थांबून म्हणाले, “आगं, मंग तू बोलली न्हाईस व्हय?” मी म्हटलं, तुम्हाला ऑफिसातलं कळत नाही. ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

सरांना प्रोग्रॅम लिहिण्यातून काढून वापराची माहितीपुस्तकं लिहायला बसवलं. सहा महिने त्यांनी तीही दोनदा वाचून लिहिली, आणि मग ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची नोकरी धरली. निरोपाला केक आणला होता. माझी तोवर नोकरी पक्की झाली होती, पुढे टीमही मिळाली. उद्या सांगू, दिवाळीनंतर सांगू, असं मनात चालायचं. मग साहेबांनी कंपनी विकली, मीही दुसरीकडे गेले, आणि आता सांगायचं तरी कुणाला, अशी स्वतःची समजूत घातली. ज्यांना सांगायचं ते पिंपळे गुरवात राहत होते, माझ्या रोजच्या रस्त्यापासून दहा मिनिटांवर.

शेवटची भेट गेल्या वर्षीची. ताथवड्याच्या त्या कॉलेजात मला मुलांपुढे बोलायला बोलावलं होतं. सर तिथंच आहेत हे मी विसरले होते, किंवा तसं मला लिहावंसं वाटतं आहे. प्रोजेक्टरची वायर जोडायला तेच आले. केस पांढरे, शर्टाच्या खिशात टेस्टर. मुलांना म्हणाले, “मॅडम आन् मी एकत्र काम केलंय. लई हुशार.” आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. माझं भाषण तयार होतं आणि त्यात तीच गोष्ट होती, पेटीची, शुक्रवारच्या कोऱ्या पडद्यांची, दोनदा होणारी तपासणी मी कशी शोधली त्याची. ती मी ठिकठिकाणी सांगत आले होते, पेढ्यांपाशी संपवत. सर समोर असताना मी तीच सांगितली. दुसरं काही ऐनवेळी सुचेना. नंतर एका मुलीनं हात वर केला, “मॅम, पण पहिली तपासणी मुळात बंद असली तर?” सर बसल्या जागी वायरीचं वेटोळं करत होते, त्यांनी मान वर केली नाही. मी म्हणाले, “म्हणूनच ते आधी बघून घ्यायचं असतं.” मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. गाडीपर्यंत सर सोडायला आले, घरी ये एकदा म्हणाले. येते म्हटलं.

मी गेले, पण सर गेल्यावर. दारात वहिनींनी मला लगेच ओळखलं. “स्वाती ना? तुमचं नाव घ्यायचे.” दोन खोल्यांचं घर, खिडकीशी त्यांची लोखंडी खुर्ची, भिंतीवर नवा फोटो, हार सुकायला आलेला. वहिनींनी चहा केला आणि मी न विचारताच शेवटचे दिवस सांगायला लागल्या. आदल्या आठवड्यात छातीत जळजळ होत होती. जवळच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, ती ठीक आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, उद्या परत या, परत एकदा काढू, रक्तही तपासू. “नाही गेले,” वहिनी म्हणाल्या. “म्हणाले, एकदा बघितलंय की. दोन-दोनदा काय बघायचं. आधी असे नव्हते हो. लग्न झालं तेव्हा घराचं कुलूप तीनदा ओढायचे, गॅस बंद केला का बघायला जिन्यातून परत यायचे. त्या कंपनीतल्या भानगडीनंतर हळूहळू सगळं सोडलं. कुलूप लावलं की सरळ चालायला लागायचे.”

मी हातातली कपबशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. काही सजवलं नाही. त्यांनी मला विचारलं होतं, मी हो म्हणाले, मी बघितलं नव्हतं, केबिनमध्ये ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही. सात वर्षं बोलले नाही... सांगताना मला रडू आलं, आणि ते येताना कुठंतरी हलकंही वाटायला लागलं, हेही लिहिलं पाहिजे.

वहिनी म्हणाल्या, “म्हणजे ते चुकले नव्हते?”

“नाही वहिनी. त्यांनी बरोबर तेच विचारलं होतं.”

“मला म्हणाले होते, माझी चूक झाली, बघायचं राहिलं.” त्या पदराच्या टोकाला घड्या घालत होत्या. “आणि मी... सात वर्षं. ते काही परत बघायला उठले की मी म्हणायचे, आता बघून काय उपयोग, तेव्हा बघायचं होतं. गॅस बघायला उठले की तेच. कुलूप ओढलं की तेच. पाहुण्यांपुढेसुद्धा. पुढे पुढे ते उठायचेच बंद झाले, तर मला वाटलं, बरं झालं, सुधारले.”

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हातानंच थांबवलं.

“त्या दिवशी डॉक्टरांकडे परत जायचं होतं तेव्हा मीसुद्धा म्हटलं, राहू द्या, चांगली आलीय ना पट्टी.” त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. आवाजात राग नव्हता, खरोखरच विचारत होत्या. “तुम्ही आज मला सांगून मोकळ्या झालात, स्वाती. आता मी कुणाला सांगू?”

समोर भिंतीवर सरांचा फोटो होता, आणि आम्ही दोघी खाली फरशीकडे बघत बसलो होतो.